चौदा वाव

मावशीकडे रेकॉर्डर घेऊन जाणारी मी तिसरी. आधी दोघं येऊन गेले होते, कानांवर मोठाले हेडफोन लावून. त्यांना वादळं हवी होती, लाटा हव्या होत्या, दारात उभ्या राहून वाट बघणाऱ्या बायका हव्या होत्या. मावशीने त्यांना दोन तास बॅटरीत पाणी कसं भरायचं ते सांगितलं, चहा पाजला आणि वाटेला लावलं.

मग वाचनालयाने हे काम माझ्या गळ्यात घातलं. मी शाळेत कारकून, त्यात सख्खी भाची, म्हणजे फुकटात पडणारी. सोबत चाळीस छापील प्रश्न दिले. ते काढणाऱ्याने आयुष्यात ओली मासळी हातात धरली नसावी. पहिलाच प्रश्न होता, समुद्राचं तुमच्या आयुष्यातलं स्थान काय?

"दाराबाहेर," मावशी म्हणाली.

मी कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. मला एकच गोष्ट हवी होती, आणि ती विचारायची मला भीती वाटत होती. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल कोणी बोलत नसे. बोलणं तिकडे वळलं की आई उगाच भांडी आदळायची. मला एवढंच माहीत होतं की एकदा काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची, होडी उलटली होती, काका वाचले होते, आणि त्यात मावशीचं काहीतरी होतं. काका गेल्या वर्षी गेले. मावशी अठ्ठ्याहत्तरची आहे. आता नाही विचारलं तर कधीच नाही, हे कळत होतं, तरी दोन दुपारी मी नुसता चहा पिऊन परत आले. तिसऱ्या दुपारी तीच म्हणाली, "लाव तुझं ते यंत्र. नाहीतर रोज येऊन माझी साखर संपवशील."

मावशी मच्छीमार सोसायटीच्या वायरलेसवर बसायची. तीस वर्षं बसली. तिच्या आधीचा माणूस दुपारी घोरायचा आणि होड्या हाका मारून थकायच्या. सेक्रेटरींनी त्याला काढला आणि महिनाभरासाठी म्हणून हिला बसवलं. सातवी पास, अक्षर चांगलं, आवाज खणखणीत. लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

खोली बर्फाच्या शेडवर, लोखंडी जिन्याने वर. खाली दिवसभर बर्फाच्या लाद्या फुटत, म्हणून फरशी उन्हाळ्यातही गार. एक टेबल, त्यावर सेट, टेबलाखाली दोन जाड बॅटऱ्या, एक खिडकी. खिडकीतून धक्का दिसे आणि धक्क्याच्या टोकाशी बंदरखात्याची लाँच. रजिस्टर पेन्सिलीने लिहायचं, कारण दमट हवेत शाई पसरते. दुपारी बाराला आणि चारला हजेरी. तेवीस होड्या. मावशी नंबर घ्यायची, होडीवरून जागा सांगायचे आणि "सगळं ठीक" म्हणायचे. मावशी ती जागा परत म्हणून दाखवायची, "समजलं" म्हणायची आणि पुढचा नंबर. हजेरी अर्ध्या तासात आटपायची.

"आणि त्यातलं एक अक्षर खरं नसायचं," ती म्हणाली.

हे मला नवीन होतं. तिने समजावून सांगितलं, जरा तुच्छतेने, म्हणजे शाळेतल्या माणसाला सांगतात तसं. वायरलेस सगळ्यांना ऐकू येतो. हजेरीच्या वेळी तेवीसच्या तेवीस होड्या कान टवकारून बसलेल्या. कोणी म्हणालं, मी अमुक कातळावर आहे, की उद्या सकाळी त्या कातळावर जत्रा. म्हणून खरी जागा कोणीच सांगायचं नाही. याला कोणी खोटं बोलणंही म्हणत नसे. घरी बायकोशी खोटं बोलला तर चार लोक नावं ठेवतील, पण वायरलेसवर खरं बोलला तर त्याला खुळ्यातच काढतील.

खुळ्यात काढलेला एक होताच, तिचा धाकटा दीर. त्याला सगळे भोळा म्हणत. काल काय थाप मारली ते त्याला आज आठवत नसे, म्हणून बिचारा खरं सांगून मोकळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागेवर पाच होड्या असायच्या आणि याच्या जाळ्यात शेवाळ.

बाकीच्यांची प्रत्येकाची रीत होती. घड्याळ नावाचा एका होडीचा तांडेल, वेळेचा पक्का म्हणून ते नाव, तो नेहमी आदल्या दिवशीची जागा सांगायचा. एकजण अंतर निम्मं करायचा. आणि काका उलटं सांगायचे. दक्षिणेचा वाळूपट्टा म्हणाले की उत्तरेच्या खडकाजवळ, उत्तर म्हणाले की दक्षिण.

"तुला कसं कळायचं?" मी विचारलं.

"नांगर," मावशी म्हणाली.

होड्या संध्याकाळी धक्क्याला लागल्या की ती घरी जाताना नांगर बघत जायची. काळा चिखल म्हणजे खाडीच्या तोंडाशी. पिवळी वाळू म्हणजे दक्षिणेला. शिंपल्यांचा चुरा असेल तर उत्तरेचा खडक. मग टोपलीत मासळी कुठली आहे, डिझेल किती जळलं. रात्री भाकऱ्या उरकल्या की हे सगळं एका लहान वहीत उतरवून काढायचं. रजिस्टर सोसायटीचं, वही तिची. वहीबद्दल तिने कोणाला ताकास तूर लागू दिली नाही, नवऱ्यालाही नाही. कळलं असतं तर बाप्यांनी तिला जिन्यावरून खाली आणली असती.

"पण वही ठेवायचीस कशाला?"

"अगं, वर मी बसलेली. एखादा परत नाही आला तर शोधायचा कुठे? त्याच्या थापेत?"

अकरा वर्षं ही वही कधी लागली नाही. माणसं खोटं सांगून खरी घरी येत राहिली.

होडी उलटली त्या आठवड्यात काकांचं इंजिन अर्धा दिवस बंद पडलं होतं. भर धुक्यात. होडीवरच्या जोडीदारासोबत ते उशिरा का होईना आले, पण तोवर मावशीचा जीव टांगणीला लागला होता. आल्यावरही ते काही बोलले नाहीत. काकांना मी पाहिलंय, त्यांना "हो" म्हणायलासुद्धा एक विडी लागायची. चार दिवस मावशीने गिळलं. पाचव्या दिवशी पहाटे, ते निघताना, तिचा तोल गेला.

"म्हटलं, जगाला काय थापा मारायच्या त्या मारा. मला नाही. मी वर बसते ती काय भिंतीशी बोलायला? एवढी वर्षं झाली लग्नाला, तुम्ही कुठे आहात ते मला चिखल बघून कळावं?"

"मग?"

"मग काय, चहा प्यायले, टोपी घातली, गेले. ब्र नाही काढला. मी म्हटलं, गेलं वाऱ्यावर."

बाराची हजेरी. वारा तेव्हा नुकता पश्चिमेला वळत होता. काकांचा नंबर सातवा. "सात नंबर," ते म्हणाले, "दक्षिणेचा वाळूपट्टा. चौदा वाव. सगळं ठीक."

वाव म्हणजे दोन हात पसरले की होतं तेवढं माप, पाण्याची खोली त्यात मोजतात. दक्षिणेचा वाळूपट्टा लांबलचक आहे, सगळा धुंडाळायचा तर दिवस जाईल. चौदा वाव पाणी त्याच्या फक्त बाहेरच्या कोपऱ्याला आहे. म्हणजे काकांनी बोट ठेवून दाखवावं तशी जागा सांगितली होती. खोली कधी कोणी सांगत नसे. काकांनी अकरा वर्षांत सांगितली नव्हती.

"तुला नवल नाही वाटलं?"

"वाटलं ना. वाटलं, आज थाप जरा जास्तच घोटून आणलीय. सकाळचा राग काढतायत. मी परत म्हणाले, दक्षिणेचा वाळूपट्टा, चौदा वाव, समजलं. आणि वहीत मांडलं, सात नंबर, उत्तरेचा खडक."

इथे मावशी थांबली आणि उठून पाणी प्यायली. मी रेकॉर्डर बंद करायला हात पुढे केला, तर तिने डोळ्यांनीच नको म्हटलं.

तीनला वारा सुटला. होड्या परत फिरल्या. चारला हजेरी घेतली तेव्हा अर्ध्या धक्क्याला लागलेल्या, अर्ध्या वाटेवर. ती एकेक नंबर घेत गेली. सहा आला. सातला उत्तर नाही. ती आठवर गेली, तेवीसपर्यंत आली आणि परत सातवर आली. नुसती खरखर. पुन्हा घेतला. पुन्हा खरखर. तिने आवाज चढू दिला नाही, कारण सगळे ऐकत होते. दहा वेळा सात म्हटल्यावर तिला जिन्यावर पावलं ऐकू आली.

सेक्रेटरी आले, लाँचवाला आला, घड्याळ आला, दहा-बाराजण त्या एवढ्याशा खोलीत. अंधार पडायला दोन तास. लाँच एकच, आणि त्या समुद्रात तिला एकच दिशा झेपणार होती. सेक्रेटरींनी रजिस्टर उघडलं. "दक्षिणेचा वाळूपट्टा."

"नाही," मावशी म्हणाली, "उत्तरेचा खडक."

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तेव्हा तिने पिशवीतून वही काढली आणि टेबलावर ठेवली.

"मला वाटलं, आता मारतात की काय. एकेकाने आपला नंबर काढून बघितला आणि तोंडं अशी उतरली! घड्याळाच्या कपाळाला घाम फुटला. तिघं तर एकाच कातळावर जात होते आणि वर्षभर एकमेकांना फसवत होते." मावशी हसली, आणि मीही हसले, आणि मग दोघींनाही ते हसू बरं वाटेना.

कारण वही खरी होती. प्रत्येकाला आपली चोरी त्यात बरोब्बर दिसली, म्हणूनच सगळ्यांचा सातव्या नंबरावरही विश्वास बसला. एकटा भोळा दारात उभा राहून म्हणत होता, "पण वहिनी, दादा दक्षिण म्हणाला ना? चौदा वाव म्हणाला. मी ऐकलं."

"भाऊजी, तुमच्या दादाला मी ओळखते."

"पण तो म्हणाला ना!"

"तुम्हाला नाही कळायचं ते," ती म्हणाली. कोणीतरी त्याला खांद्याला धरून बाजूला केलं. लाँचवाल्याने विचारलं, "नक्की?" मावशी म्हणाली, "नक्की." पाच मिनिटांत लाँच उत्तरेला गेली.

थोड्या वेळाने खिडकीतून तिला भोळ्याची होडी दिसली. लहानशी, इंजिन दम्याचं. एकटाच दक्षिणेला निघाला होता. सेटवरून तिने त्याला परत बोलावलं, सेक्रेटरी ओरडले, घड्याळही ओरडला. त्याने उत्तर दिलं नाही. टेकडीच्या आड गेलं की त्याचा सेट मुका व्हायचा, आणि तो आडच गेला.

"मला काय वाटलं सांगू? मला त्याचा राग आला. म्हटलं, आता दोन होड्या शोधाव्या लागणार."

अंधार पडता पडता लाँच परत आली. खडकाजवळ काही नव्हतं. ना फळी, ना जाळ्याचा बोया. लाँचवाला म्हणाला, उजाडलं की पुन्हा जाऊ. सगळे गेले, मावशी सेटसमोर बसून राहिली. हातपाय गार पडले होते, बर्फाने की कशाने कोण जाणे. मध्येच कधीतरी तिला ते चौदा वाव आठवले आणि काय झालंय ते कळलं. तिने विचार दुसरीकडे न्यायचा प्रयत्न केला. बॅटरीचं पाणी तपासलं. पेन्सिलीला टोक केलं. पुन्हा तेच. थाप मारणारा खोली कशाला सांगेल? खोली तर त्यालाच हवी, जो शोधायला येणार आहे.

"सकाळी भांडले होते ना मी," ती मला म्हणाली. "त्याचं उत्तर होतं ते. माणसाने उत्तर दिलं, बावीस होड्यांच्या देखत, आपली जागा उघडी करून. आणि मला ते कळलं नाही."

सकाळी सहाला सेट बोलला. टेकडीच्या अलीकडे आलेल्या भोळ्याचा आवाज, बसलेला. "तेवीस नंबर. दोघंही मिळाले, वहिनी. दादा आणि जोडीदार. जिवंत आहेत. मी शिशाचा गोळा टाकून पाणी मोजत गेलो. बारा आले, तेरा आले, चौदा आले, तिथंच होते. होडी पालथी झालीय, पण नांगर धरून होता. दादा म्हणाला होता ना, तिथंच."

त्याला कोणाला टोचायचं नव्हतं. त्याला टोचता येतच नव्हतं. पण धक्क्यावर प्रत्येक होडीचा सेट चालू होता आणि सगळ्यांनी ते ऐकलं. मावशीने परत म्हटलं, चौदा वाव, समजलं. मग तिला रडू फुटलं.

लाँच दक्षिणेला गेली असती तर दिवसाउजेडी दोघांना घेऊन आली असती. ते पालथ्या होडीला धरून रात्रभर पाण्यात होते. काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं त्यानंतर कधी वळली नाहीत. जोडीदाराच्या छातीत जे शिरलं ते शिरलंच, त्याच हिवाळ्यात तो गेला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं आधीच खराब होती. मावशीने डॉक्टरांचं ऐकून घेतलं. जोडीदाराची बायको तिच्याशी नीट बोलायची. ते तिला सगळ्यात जड जायचं.

काकांना घोंगडीत गुंडाळून घरी आणलं, मागोमाग अख्खा धक्का. ते पायरीवरच बसले, ओठ निळे, आणि एवढंच म्हणाले, "लाँच उत्तरेला का गेली?"

आणि तेव्हा घड्याळ पुढे झाला. ज्याची जागा तिने चव्हाट्यावर आणली होती, तो. म्हणाला, "तुझा आवाज तुटत होता रे. बाराला काही कळलंच नाही. आम्हीच म्हटलं उत्तर." लगेच दुसरा म्हणाला, खरखर होती. तिसरा म्हणाला, माझ्या सेटवर तर काहीच नाही. सेक्रेटरी, चष्मा लावून हिशेबाला बसणारा माणूस, तेही म्हणाले, बॅटरी उतरली होती. एकेकाने थाप मारली, सराईतपणे, डोळे न चोरता. भोळा काहीतरी बोलणार होता, तर घड्याळाने त्याच्या पायावर पाय दिला.

"आणि काकांना पटलं?"

"अगं, मी चौदा वाव परत म्हटलं होतं. समजलं म्हटलं होतं. यांनी ते ऐकलं होतं होडीवर." मावशीने पदराने डोळे टिपले. "सगळ्यांचं ऐकून घेतलं. एकेकाकडे बघितलं. मग म्हणाले, असेल. बॅटरी बदला. आणि आत जाऊन झोपले."

दोन महिन्यांनी काका पुन्हा समुद्रावर गेले. आणि त्या दिवसापासून रोज दुपारी बाराला, सगळ्यांच्या देखत, वायरलेसवर खरी जागा सांगायला लागले, खोलीसकट. सात नंबर, खाडीचं तोंड, नऊ वाव. सात नंबर, उत्तरेचा खडक, वीस वाव. पहिल्या दिवशी ऐकून बाकीचे हजेरी द्यायचे थांबले. मावशीला वाटलं, आता उद्या सगळे तिथे लोटणार, हे उपाशी मरणार. पण दुसऱ्या दिवशी तिथे एकही होडी गेली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. एकोणीस वर्षं काका जागा सांगत राहिले आणि एकोणीस वर्षं त्यांच्या जागेवर दुसऱ्या कोणाचं जाळं पडलं नाही. असं कोणी ठरवलं नव्हतं. बाकीच्यांच्या थापा मात्र जोरात चालू होत्या.

"चांगलंच झालं की मग," मी म्हणाले. काहीतरी म्हणायचं म्हणून.

"तुला काय होतंय म्हणायला." मावशी चिडली. "रोज बारा वाजायचे. रोज ते खोली सांगणार आणि मी परत म्हणणार, समजलं. मला ते शिक्षा करत होते, की मला सांगत होते की माझं काही म्हणणं नाही? एकोणीस वर्षं तेच डोक्यात. त्यांच्या आवाजावरून काही कळायचं नाही. आवाज तस्साच."

"घरी कधी विषय निघाला नाही?"

"नाही."

"तू विचारलं नाहीस? ते आजारी असताना सुद्धा? एवढे दिवस तू उशाशी होतीस."

"ओठांवर यायचं. रोज यायचं." ती खिडकीबाहेर बघत राहिली. "नाही विचारलं गं. विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्यांनी."